ओट्यासमोरची फुली

बायको ओट्यासमोरच्या फुलीवर येऊन उभी राहिली, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "मी गुरुवारी ताईकडे जातेय. राहायला."

निर्मात्याने हात वर केला.

"फ्रिज," तो म्हणाला.

फ्रिज खरोखरच घरघरायला लागला होता. त्याचं आटोपेपर्यंत दोघंही थांबले. फोन स्टँडवर होता, त्याच्या डोक्यावर दिवा, दिव्यापुढे उजेड मऊ करायला चिकटवलेला कागद. फ्रिजने एकदा अंग झाडलं आणि तो गप्प झाला.

"हं. पुन्हा."

"मी गुरुवारी ताईकडे जातेय," ती म्हणाली. "राहायला. तिच्या लॅबमध्ये माणूस हवाय. परत कधी येईन सांगता येत नाही. बहुतेक नाहीच यायची."

"मान जरा वर."

"दिवा डोळ्यांत जातोय."

"चेहऱ्यावर मस्त पडतोय पण."

तिने मान जरा वर केली. "बहुतेक नाहीच यायची," ती पुन्हा म्हणाली, आणि मान वर असल्यामुळे ते जास्त चांगलं आलं. निर्मात्याला ते मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

"डोळे मिचकावलेस मधे," तो म्हणाला. "उद्या घेऊ."

तिने गॅस बंद केला. पातेल्यातलं पाणी उगाचच उकळत होतं. त्यात काही टाकायचं नव्हतं. वाफ चांगली दिसते, म्हणून ते ठेवलेलं होतं.

वाहिनीत त्याला सगळे पुन्हासाहेब म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतंच पुन्हा. बरीच वर्षं त्याने एक साप्ताहिक कार्यक्रम केला, ज्यात एकेक कुटुंब त्याच्या राहत्या घरात दाखवलं जायचं: जेवताना, खिडकीतून बाहेर बघताना, हलकंसं भांडताना. माणसं स्वतःच्याच घरात किती अवघडून वावरतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं. एका सद्गृहस्थाला त्याने त्याच्याच घरात इतक्या वेळा प्रवेश करायला लावला की शेवटी त्या माणसाने बेल वाजवली आणि बायकोला विचारलं, "आत येऊ का?" तो तुकडा कार्यक्रमात गेला नाही. चुकलेले तुकडे संध्याकाळी पुसून टाकत. ओके झालेलं तेवढं झालं, बाकीचं झालंच नाही, असा तिथला रिवाज होता. निर्मात्याला तो मनापासून पटलेला होता. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींना हा रिवाज लावता आला असता तर किती बरं, असं त्याला अधूनमधून वाटायचं.

मग वाहिनीने कार्यक्रमच पुसून टाकला. निरोपसमारंभात त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. फोटोवाल्याचा फ्लॅश पडला नव्हता, म्हणून त्याने ते परत करून पुन्हा स्वीकारलं.

"बाबा, आता कार्यक्रम कोण बघतंय," लेक फोनवर म्हणाली होती. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. "लोकांना खरं आयुष्य बघायचं असतं. तू तुमचं रोजचं टाक ना. उठणं, चहा, आईची गडबड. जसं आहे तसं."

"पण लिहून कोण देणार?"

"काय लिहून?"

"रोजचं."

लेक खूप हसली. निर्मात्याने विनोद केला नव्हता. शेवटी त्याने स्वतःच लिहिलं.

चॅनेलचं नाव 'आमचं घर'. पहिल्याच आठवड्यात घरभर जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या उगवल्या. वाहिनीत असायच्या तशाच, माणूस नेमका उजेडात उभा राहावा म्हणून. एक ओट्यासमोर, एक खिडकीपाशी, एक आरशापुढे, एक पलंगाच्या कडेला. पलंगाकडची फुली सकाळी उठल्यावर पाय टेकायला होती. उजाडल्यावर निर्माता उठायचा, दिवा लावायचा, फोन लावायचा, परत पांघरुणात शिरायचा आणि मग उठायचा. बायकोलाही उठावं लागे.

"तू उठल्यासारखी वाटत नाहीस," तो म्हणायचा.

"मी उठलेलीच आहे."

"तेच दिसतंय ना."

एकदा न्याहारीच्या प्रसंगात एकच अंडं पुन्हा पुन्हा उकडलं गेलं. शेवटी ते हातातून निसटलं तेव्हा जमिनीवर आपटून टणकन वर आलं, आणि निर्मात्याने समाधानाने मान डोलावली. चॅनेलला पहिल्यांदाच लोकांनी बरं म्हटलं ते त्या अंड्यामुळे.

बायको कवळ्या करायची. गावाच्या मध्यावर एका दंतवैद्याची लॅब होती, तिथे ती दिवसभर मेणात आणि प्लास्टरमध्ये लोकांचे दात बसवत असे. पुन्हा करणं तिला नवीन नव्हतं. दात उंच झाला, घासा. खाली गेला, पुन्हा लावा. फरक एवढाच की तिथली कवळी शेवटी कोणाच्या तरी तोंडात जाऊन बसायची आणि तो माणूस जेवायला लागायचा. संध्याकाळी ती घरी आली की तिला दाराबाहेर थांबून घरी यावं लागे. लॅबमधून दमून आलेली बाई पहिल्या वेळी फार दमलेली दिसायची, तिसऱ्या वेळी बरोबर दमलेली.

इमारतीतल्या लोकांनाही सवय झाली होती. खालच्या मजल्यावरचे वकील लिफ्टमध्ये शिरले की पोट आत ओढून घ्यायचे, न जाणो कॅमेरा असला तर. त्यांच्या बायकोच्या मते साऱ्या प्रकारातून काही चांगलं निघालं असेल तर एवढंच.

जायचं पहिल्यांदा तिने सांगितलं ते काही फुलीवर उभं राहून नव्हे. ती बाथरूमच्या दारात उभी होती, हातात टॉवेल, केसांतून पाणी ठिबकत होतं. तो जमिनीवर बसून वायर गुंडाळत होता.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. "मला ताईकडे जाऊन राहावंसं वाटतंय. इथे मला माझ्याच घरात पाहुणीसारखं वाटतं. काल मी पाणी प्यायला उठले तर आधी फुली शोधली. अंधारात. कोणी बघत नव्हतं, तुम्ही झोपला होतात, आणि मी फुली शोधत होते."

त्याने सगळं ऐकलं. शब्दन् शब्द. आवाजाचा त्याचा कान इतका तयार होता की टॉवेलवर पडणारे थेंबही ऐकू आले. हात वायरीवर तसाच राहिला. काहीतरी बोलायला हवं हे त्याला कळत होतं, आणि अशा वेळी तोंडातून आपोआप जे निघतं तेच निघालं.

"हे छान आहे," तो म्हणाला. "कॅमेऱ्यासमोर बोल ना."

तिने टॉवेल खांद्यावर टाकला.

"कॅमेऱ्यासमोर बोलले तर ऐकाल?"

"ऐकेन."

म्हणून ती रोज फुलीवर येऊन सांगत होती. पहिल्या दिवशी फ्रिज आडवा आला, त्यात निर्मात्याचा दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी फ्रिज गप्प राहिला. तेव्हा तिच्या खांद्यावर पडलेली सावली त्याला खटकली. तिसऱ्या दिवशी त्याने रेकॉर्डिंगच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली, आणि ती "बहुतेक नाहीच" पर्यंत आली तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"ट्रक," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जो सुटकेचा सूर होता तो वाहिनीतल्या कुठल्याही माणसाने ओळखला नसता. बायकोने ओळखला. तिने खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चौथ्या दिवशी खिडकी उघडीच होती आणि तिनेही ती लावली नाही.

मग दारापाशी बॅग दिसायला लागली. निळी, चाकांची. निर्मात्याने ती उचलून पलंगाखाली सरकवली, कारण आदल्या दिवशीच्या दृश्यात ती तिथे नव्हती आणि आदल्या दिवशी नसलेली वस्तू आज दिसली तर प्रेक्षक गोंधळतात. संध्याकाळी बॅग परत दारापाशी. तिच्यात काही भरलं जात होतं. दर वेळी उचलताना ती थोडी अधिक जड लागायची. पण उचलायची झाली तर वजनाचा विचार करून चालत नाही.

तरी एका व्हिडिओत तिचं एक चाक राहून गेलंच. खाली लोकांनी लिहिलं: काकू कुठे निघाल्या? कोणी लिहिलं, काकूंना जाऊ द्या, दमल्यात. कोणीतरी नुसतं एक अंडं काढून पाठवलं.

त्याच दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, आई जातेय?"

"अजून ओके झालेलं नाही."

"काय ओके झालेलं नाही?"

"तिचं वाक्य."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. कार्यक्रमात एवढी शांतता गेली असती तर नियंत्रणकक्षातून लोक धावत आले असते.

"तिने मला सगळं सांगितलंय," लेक म्हणाली. "बाबा, तू तिला थांब म्हण."

"हं."

"हं नाही. पुन्हा पण नाही. थांब. एवढंच म्हण. ती ऐकेल असं मी म्हणत नाही. पण म्हण तर."

"म्हणतो."

"म्हणून दाखव."

"थांब," निर्माता म्हणाला.

"हे तू कॅमेरामनला म्हटलंस."

खरं होतं. फोन ठेवल्यावर तो आरशापुढच्या फुलीवर गेला आणि प्रयत्न करत राहिला. थांब. थांब ना. अगं थांब. दर वेळी उजवा हात आपोआप खांद्याच्या वर जायचा. हा शब्द त्याने आयुष्यभर हात वर करूनच उच्चारला होता, आणि त्यावर माणसं थांबली होती खरी, पण दृश्य संपेपर्यंतच. त्याने डावा हात उजव्यावर दाबून धरला. तेव्हा शब्दच आला नाही. बायको मागून कपड्यांची घडी घेऊन गेली. आरशात ती जराशी थांबली.

"काय झालं हाताला?"

"काही नाही. अवघडलाय."

"शेकून घ्या," ती म्हणाली आणि घडी बॅगेत ठेवायला गेली.

गुरुवारी सकाळी त्याने फोनचा स्टँड बाहेरच्या खोलीत आणला, दाराच्या समोर. ती आतून तयार होऊन आली. निळी बॅग, गळ्यात चष्मा, लॅबमधले सपाट बूट.

"चालू आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"चाव्या हातात घेऊन येऊ आणि इथे ठेवू, की आधीच ठेवलेल्या बऱ्या?"

त्याने विचार केला. "आधीच ठेवलेल्या."

तिने चाव्या टेबलावर ठेवल्या, परत आतल्या खोलीत गेली आणि निघाली. बाहेरच्या खोलीतून दारापर्यंत आली, दार उघडलं. खाली कोणीतरी स्कूटर चालू केली.

"स्कूटर," तो म्हणाला. "पुन्हा."

ती परत आली. बॅग आत नेली. पुन्हा निघाली. या वेळी बॅगेचं चाक पायपुसण्यात अडकलं. पुन्हा. मग दार उघडल्याबरोबर लिफ्टचं दार वाजलं आणि आतून वकील उतरले, पोट आत, चेहऱ्यावर स्मित; चुकून वरच्या मजल्यावर आलो म्हणत त्यांनी तसंच स्मित ठेवून लिफ्ट बंद केली. पुन्हा.

मधल्या वेळात त्याने तिला पाणी आणून दिलं. ती ते उभ्याउभ्याच प्यायली आणि तिने त्याच्या शर्टाच्या कॉलरवरचं सूत काढलं. खालून टॅक्सीवाल्याचा फोन आला.

"आलेच हो," ती म्हणाली. "थोडं राहिलंय."

निर्मात्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दार उघडं होतं, टॅक्सी खाली होती, चाव्या टेबलावर होत्या. ती केव्हाच जाऊ शकली असती. पण तो 'पुन्हा' म्हणाला की ती परत येत होती. प्रत्येक वेळी. फक्त काहीतरी चुकायला हवं होतं. जगात चुकण्यासारखं पुष्कळ आहे. स्कूटरी आहेत, कुत्री आहेत, वकील आहेत. एवढ्या भांडवलावर माणूस वर्षं काढू शकेल.

"हं," तो म्हणाला. "घेऊ."

ती निघाली. बॅग पायपुसण्यावरून अलगद गेली. कुठे पायरव नाही, स्कूटर नाही. खिडकीतून येणारा उजेड नेमका त्या वेळी ढगामुळे मऊ झाला आणि तिच्या एका गालावर तेवढा राहिला. तिने दाराला हात लावला, उघडलं, आणि उंबऱ्यात थांबून मागे वळून पाहिलं.

हे थांबणं त्याने शेकडो लोकांना शिकवायचा प्रयत्न केला होता. फार लवकर नाही, फार लांबवायचंही नाही. कोणाला कधी जमलं नव्हतं. नट-नट्यांनाही नाही. तिला जमलं. त्या थांबण्यात बरोबर एका शब्दाची जागा होती.

त्याचा हात वर गेला.

तिने हाताकडे पाहिलं. "फ्रिज?" ती हळू आवाजात म्हणाली.

जवळजवळ आशेने म्हणाली, असं त्याला नंतर वाटलं. पण ते नंतर. त्या क्षणी तो कान देऊन ऐकत होता. फ्रिज गप्प होता. रस्ता गप्प होता. वरच्या मजल्यावरच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच काही आपटलं नव्हतं. निर्माता जगात बऱ्याच गोष्टींबद्दल खोटं बोलला होता, पण आवाजाबद्दल कधी नाही. चांगल्या टेकला वाईट म्हणायला त्याची जीभ वळेना.

"नाही," तो म्हणाला. "ओके आहे."

"बरं," ती म्हणाली.

दार लागलं. तेही छान लागलं.

तो तसाच उभा राहिला. हात बऱ्याच वेळाने खाली आला. मग सवयीने तो फोनपाशी गेला, घेतलेलं बघायला. फोनच्या मधोमध एक पट्टी आली होती: जागा शिल्लक नाही. स्कूटरनंतर काहीच घेतलं गेलं नव्हतं. चाकाचं नाही, वकिलांचं नाही, उंबऱ्यातलं नाही.

म्हणजे झालंच नव्हतं.

आता त्याच्याकडे खरं, प्रामाणिक, कोणालाही दाखवता येईल असं कारण होतं. तो धावत दारापाशी गेला. बाहेर कोणी नव्हतं. लिफ्ट खाली जात होती. त्याने बटण दाबलं, दाबत राहिला. लिफ्ट खाली थांबली, थोडी रेंगाळली, आणि परत वर यायला लागली. एकेक आकडा वर येत होता. त्याने शर्ट नीट केला. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "थांब," तो हळूच म्हणून बघत होता, आणि या वेळी ते कॅमेरामनला म्हटल्यासारखं येत नव्हतं.

दार उघडलं. वकील होते.

"चालू आहे का?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही."

वकिलांनी पोट सोडलं. "वहिनी खाली टॅक्सीत बसल्या. मला वाटलं शूटिंग आहे, म्हणून मी काही बोललो नाही. नुसतं मागून चालत गेलो, सहज. चाललं ना?"

"टॅक्सी गेली?"

"वळली की आत्ताच." त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "परत घ्यायचंय का? मी येतो, मला घाई नाही. मी पुन्हा चालत जातो."

"नको," निर्माता म्हणाला. "तुमचं चांगलं झालं."

वकील खूश होऊन खाली गेले.

घरात परत आल्यावर त्याला स्वयंपाकघरातला उजेड दिसला. तिथला दिवा सकाळपासून तसाच जळत होता. तो बंद करायला तो आत गेला. ओट्यावर पातेलं पालथं घालून ठेवलेलं होतं, शेजारी पुसून ठेवलेला चमचा. दिव्याची वायर ओट्याच्या अंगाला होती, म्हणून तो वळसा घालून तिकडून गेला, आणि त्याचे पाय फुलीवर पडले. एवढ्या दिवसांत तो या बाजूला एकदाही उभा राहिला नव्हता. फुलीची कडा झिजून काळी झाली होती, दोन पावलांच्या मापाने.

त्याने मान जरा वर केली.

दिवा थेट डोळ्यांत आला. समोरचं सगळं पांढरं झालं. स्टँड कुठे असायचा ते दिसेना, त्यामागची भिंत दिसेना, भिंतीवरचं घड्याळ दिसेना. स्टँडच्या मागे कोणी माणूस उभा असता, हात वर करून किंवा खाली ठेवून, तर तोही दिसला नसता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते मिचकावले नाहीत.

फ्रिज घरघरायला लागला. त्याचं आटोपेपर्यंत तो तसाच उभा राहिला.